मधुमेह, पांढरी कावीळ आणि पित्ताचे खडे: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५९. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला भातशेती आणि थोडी काजूची बाग. तरुणपणी बरीच वर्षं गोव्यात नोकरी केली, मग गावी परतले. दारू कधीच नाही. बिडी होती, ती सुटून बराच काळ झाला. मधुमेह १४ वर्षांपासून. तक्रार एकच: जेवण झालं की उजव्या बरगडीखाली जड वाटतं, ढेकर येत राहतात. बाहेर केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले होते आणि ऑपरेशन करून पिशवी काढायची हे घरात आधीच ठरलं होतं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना मामा म्हणतो, दवाखान्यातही मी त्यांना तशीच हाक मारतो.

घाई होती ती पोटाच्या जडपणामुळे नव्हे. त्यांच्या भावकीतल्या एका बाईंना पित्ताशयाचा कॅन्सर झाला होता आणि निदान झाल्यावर काही महिन्यांतच त्या गेल्या. तेव्हापासून त्या घरात खडा म्हणजे कॅन्सर हे समीकरण पक्कं झालं होतं. ‘‘खडं काढून टाका एकदा, म्हणजे डोक्याचा ताप गेला,’’ हे मामांचं पहिलं वाक्य. सर्जननं भूल देण्याआधीचं रक्त तपासलं, त्यात प्लेटलेट ९८,००० आल्या, म्हणून फिटनेससाठी त्यांना माझ्याकडे पाठवलं. फिजिशियनकडे येणाऱ्या अशा चिठ्ठ्यांपैकी बहुतेक पाच मिनिटांत सही होऊन परत जातात. ही गेली नाही.

पिशवीतले कागद

मामींनी कापड दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली. खानापुरातले रिपोर्ट, बेळगावातले रिपोर्ट, मधेच गोव्यातल्या एका लॅबचे. काहींवर कन्नड शिक्के, बाकी इंग्रजी, एक मराठीत लिहिलेली पथ्याची चिठ्ठी. जवळजवळ प्रत्येक कागदावर साखरेच्या आकड्याभोवती पेनानं गोल काढलेला होता. बाकीच्या ओळी कोणी वाचल्याची खूण नव्हती.

मी ते कागद तारखेनं लावले आणि फक्त प्लेटलेटची ओळ वाचत गेलो. ४८ व्या वर्षी २,०५,०००. ५२ व्या वर्षी १,६२,०००. ५६ व्या वर्षी १,२४,०००. आता ९८,०००. यातला तिसरा रिपोर्ट ऐन पावसाळ्यातला. तेव्हा अंगात ताप होता, म्हणून तो आकडा डेंगीच्या खात्यावर जमा झाला. पपईच्या पानांचा रस पिऊन झाला, ताप उतरला, आणि प्लेटलेट पुन्हा कोणी मोजल्या नाहीत. डेंगीत उतरलेल्या प्लेटलेट ताप गेल्यावर काही दिवसांत वर येतात. वर्षानुवर्षं थोड्या थोड्या उतरत जाणाऱ्या प्लेटलेटचा माग काढला तर तो बऱ्याचदा यकृतापाशी जाऊन थांबतो. यकृत आतून घट्ट होत गेलं की त्यात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात.

त्याच कागदांवर एसजीओटी आणि एसजीपीटी या यकृताच्या रक्ततपासण्यांचेही आकडे होते. त्यांना वय आणि प्लेटलेट जोडले की फिब-४ नावाचा एक साधा हिशेब करता येतो. वय आणि एसजीओटी यांचा गुणाकार करायचा; एसजीपीटीच्या वर्गमुळाला हजारात धरलेल्या प्लेटलेटनं गुणायचं; पहिल्या गुणाकाराला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर १.३ च्या खाली आलं तर यकृतात मोठं व्रणीकरण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर शक्यता बरीच, पुढची तपासणी हवीच. मामांचे जुने आकडे घालून पाहिले. ४८ व्या वर्षी १.३, अगदी उंबरठ्यावर. ५२ व्या वर्षी २.२. ५६ व्या वर्षी ३.७. आजचा आकडा ५.७. यासाठी एकही जादा तपासणी लागली नाही, एक रुपयाही जादा खर्च झाला नाही. आकडे घरात, पिशवीत पडून होते.

पिशवीच्या तळाशी रक्तपेढीचा एक जुना कागद निघाला. शिवजयंतीच्या शिबिरात, वय ४१ असताना, मामांनी रक्तदान केलं होतं. नंतर रक्तपेढीतून निरोप आला, येऊन भेटा. गेल्यावर ‘एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह’ असं लिहिलेला हा कागद हातात पडला. म्हणजे अंगात हिपॅटायटिस बीचा विषाणू. गावात कोणीतरी सांगितलं, ही पांढरी कावीळ. शेजारच्या गावात झाडपाला देणारे एक जण होते. तिथं काही रविवार जाऊन औषध घेतलं, तेलकट सोडलं, उसाचा रस आणि ग्लुकोज पाणी भरपूर प्यायलं. डोळे कधी पिवळे झाले नव्हतेच, औषधानंतरही पिवळे दिसले नाहीत, म्हणून आजार उतरला असं सगळ्यांनी धरलं. मधुमेहाचं निदान त्यानंतर चार वर्षांनी झालं. मधुमेहाच्या डॉक्टरांना हा कागद कधी दाखवला का, असं मी विचारलं. मामींनीच उत्तर दिलं, ‘‘ते शुगरचं नव्हतं ना, म्हणून न्यायचो नाही.’’

मी घरच्यांचा इतिहास विचारला. मामांची आई पन्नाशीच्या आत गेली, पोटात पाणी होऊन. एक थोरला भाऊ आहे, ‘ठणठणीत’.

दारू नाही, मग यकृत कशानं बिघडलं?

हा प्रश्न मामींचा, आणि तो तक्रारीच्या सुरात होता. ‘‘ह्येंनी दारूला कधी हात लावला नाही, डॉक्टर.’’ आपल्याकडे यकृताचा आजार म्हटलं की माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवल्यासारखं होतं. त्यामुळे न पिणारा माणूस निर्धास्त राहतो आणि पिणारा लपवतो. दोघांचंही नुकसान. दारू हे यकृताच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे यात शंका नाही, पण मामांच्या यकृतावर दुसऱ्याच दोन गोष्टी वर्षानुवर्षं काम करत होत्या.

पहिली, मधुमेह आणि पोटाचा घेर. मामांच्या कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ९.१. चार वर्षांपूर्वीच्या एका सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’ असं लिहिलेलं होतं, आणि त्यावर ‘‘आजकाल सगळ्यांनाच असतं’’ एवढंच उत्तर मिळालं होतं. असतं हे खरं आहे. म्हणूनच २०२१ मध्ये केंद्र सरकारनं फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. चरबी साठलेल्या बहुतेक यकृतांचं पुढे काही वाईट होत नाही. काहींत मात्र चरबीबरोबर जळजळ सुरू होते, जळजळीतून व्रण पडतात, व्रणांचं जाळं होऊन यकृत घट्ट होतं, आणि त्या घट्ट यकृतात, म्हणजे सिऱ्होसिसमध्ये, कॅन्सर उगवतो. मधुमेह ही वाट जवळची करतो. मधुमेह असलेल्यांत यकृतपेशींच्या कॅन्सरचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या दुपटीहून थोडा जास्त असल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पित्तनलिकांच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, पण त्यापेक्षा कमी प्रमाणात. दुप्पट ऐकून घाबरायचं कारण नाही, मूळ धोका लहान असला तर त्याची दुप्पटही लहानच असते. मधुमेहाच्या बहुसंख्य रुग्णांना हा कॅन्सर कधीच होत नाही. पण मामांचा मूळ धोका लहान नव्हता.

कारण दुसरी गोष्ट हिपॅटायटिस बी. या विषाणूची तऱ्हा वेगळी आहे. तो आपली जनुकं यकृतपेशीच्या जनुकांत घुसवतो, त्यामुळे सिऱ्होसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो. तैवानमधल्या २२,७०७ पुरुषांच्या पाठपुराव्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. त्यात विषाणू अंगात असलेल्यांना यकृताचा कॅन्सर होण्याचा धोका नसलेल्यांच्या २२३ पट दिसला. वैद्यकशास्त्रात इतके मोठे पट क्वचितच दिसतात. तैवाननं १९८४ मध्ये नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काळात तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर खरोखर घटला. आपल्याकडे ही लस २००२ च्या सुमारास काही ठिकाणी सुरू झाली आणि २०११ नंतर देशभर नियमित लसीकरणात आली. मामांच्या पिढीला ती मिळायचा प्रश्नच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बीसह जगत होते. त्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे.

विषाणू, मधुमेह आणि लठ्ठपणा हे तिन्ही एकाच माणसात आले की धोका नुसत्या बेरजेनं वाढत नाही. तैवानमधल्याच पुढच्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. मामांना मी ते सोसायटीच्या कर्जाच्या भाषेत सांगितलं: हे सरळव्याज नव्हे, चक्रवाढ आहे. ते लगेच समजले, आणि बराच वेळ गप्प बसले.

एक जोड या भागासाठी. आपल्या जेवणात भुईमुगाच्या शेंगा रोजच्या. चटणी, कूट, आमटीला लावायला दाणे. पावसाळ्यात दमट पोत्यात राहिलेल्या दाण्यांवर आणि मक्यावर जी बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, आणि अंगात हिपॅटायटिस बी असेल तर त्याचा घाव कितीतरी खोल बसतो. भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. खवट, काळे पडलेले, सुरकुतलेले दाणे निवडून फेकायचे, चटणीत घालून संपवायचे नाहीत. मामींना मी हे एकदाच सांगितलं. पुढच्या भेटीत त्यांनी कणगी रिकामी करून उन्हात टाकल्याचं सांगितलं.

गाठ

सर्जनना फोन करून ऑपरेशन थांबवलं. सोनोग्राफी अनुभवी रेडिओलॉजिस्टकडे पुन्हा करून घेतली, यावेळी ‘यकृत नीट बघा’ असं लिहून. यकृताचा पोत खडबडीत, प्लीहा १४.५ सेंटिमीटर, आणि उजव्या भागात, सहाव्या खंडात, २.४ सेंटिमीटरची एक गाठ. पहिल्या सोनोग्राफीत खड्यांचं वर्णन सविस्तर होतं, यकृताबद्दल एक ओळ होती. लठ्ठ पोटात, चरबी साठलेल्या यकृतात लहान गाठ निसटू शकते. सुरुवातीच्या टप्प्यातले निम्म्याच्या आसपास कॅन्सर एकट्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, म्हणून तिला एएफपी या रक्ततपासणीची जोड देतात. मामांचं एएफपी ३१ आलं. २० च्या वर गेलं की स्कॅन करायचा असा रिवाज आहे.

यकृताचा घट्टपणा मोजणारा फायब्रोस्कॅन १९.४ किलोपास्कल, म्हणजे सिऱ्होसिस. विषाणूचं प्रमाण ४२,००० युनिट. मग रंगद्रव्य देऊन तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन. गाठ धमनीच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा जास्त चकाकली आणि शिरांच्या टप्प्यात तिच्यातला रंग आजूबाजूच्या आधी उतरला. यकृताचं निरोगी ऊतक मुख्यतः पोर्टल शिरेच्या रक्तावर जगतं आणि हा कॅन्सर धमनीच्या रक्तावर, त्यामुळे हा फरक दिसतो. सिऱ्होसिस असलेल्या माणसात २ सेंटिमीटरहून मोठ्या गाठीची ही दोन लक्षणं दिसली की निदान पक्कं समजतात, सुईनं तुकडा काढायची गरज नसते. मुलाला हे पटत नव्हतं. बायोप्सीशिवाय कॅन्सर कसा म्हणता, हा त्याचा प्रश्न रास्त होता. इतर बहुतेक कॅन्सरमध्ये तुकड्याशिवाय कोणी उपचार सुरू करत नाही. पण इथं सुईमुळे रक्तस्रावाचा आणि क्वचित सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका असतो, आणि स्कॅनचं उत्तर इतकं नेमकं असेल तर तो पत्करायचं कारण उरत नाही.

आता जमेची बाजू. बिलिरुबिन १.३, अल्ब्युमिन ३.६, रक्त गोठण्याचा आयएनआर १.२, पोटात पाणी नाही, भान उत्तम. यकृत किती काम करतंय हे सांगणाऱ्या चाइल्ड-प्यू मोजणीत ५ गुण, म्हणजे सगळ्यात चांगला अ गट. एकच गाठ, ३ सेंटिमीटरच्या आत, रक्तवाहिनीत शिरलेली नाही. बरं करण्याच्या उद्देशानं उपचार करता येतील असा टप्पा. मामांना कॅन्सरची एकही खूण जाणवत नव्हती. पोटाचा जडपणा या गाठीचा नव्हताच, एवढ्या गाठीनं काही जाणवत नाही. जाणवायला लागतो तेव्हा बहुतेकांत हा टप्पा निघून गेलेला असतो.

खड्यांचं काय?

कॅन्सरचं निदान सांगितल्यावरही घरच्यांचा पहिला प्रश्न हाच होता. आणि दुसरा: खड्यांमुळेच हे झालं का?

नाही. पित्ताशयातल्या खड्यांचा यकृतपेशींच्या कॅन्सरशी असा संबंध नाही. खड्यांचा संबंध आहे पित्ताशयाच्या कॅन्सरशी, आणि तो नीट समजून घ्यावा असाच आहे. पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांना खडे असतात. त्यामुळे उलट दिशेनं लोक धरतात की खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होईल. प्रत्यक्षात खडे असलेल्या शंभरातल्या साधारण एखाद्यालाच तो होतो, बाकीचे खडे घेऊन जन्म काढतात. भावकीतल्या बाईंचं दुःख खरं, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

कोणत्या खड्यांची काळजी करायची हे त्यातूनच ठरतं. ३ सेंटिमीटरहून मोठा खडा असेल तर धोका लहान खड्याच्या अनेक पट. पित्ताशयाच्या भिंतीत चुना साचला असेल, १ सेंटिमीटरहून मोठा पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवरची वाढ, असेल, स्वादुपिंडाची नळी पित्तनलिकेला जन्मतः भलत्याच ठिकाणी मिळत असेल, तर सर्जनला भेटायला हवं. टायफॉइडचे जंतू पित्ताशयात कायमचे मुक्काम करून राहिलेल्या माणसांतही हा धोका वाढतो. इथं एक खुलासा करतो, कारण आपल्याकडे विडाल टेस्ट पॉझिटिव्ह आली नाही असा माणूस सापडणं कठीण. विडाल पॉझिटिव्ह म्हणजे पित्ताशयात जंतू राहिले असं नव्हे. ते मलाच्या कल्चरमध्ये कळतं, आणि असे वाहक थोडे असतात. भारतात पित्ताशयाचा कॅन्सर गंगेच्या खोऱ्यात आणि आसामच्या बाजूला फार आढळतो, दक्षिणेकडे त्या मानानं पुष्कळ कमी. बेळगावात खडे दिसले म्हणून वाराणसीच्या आकड्यांनी घाबरू नये.

मामांचे खडे ८ मिलिमीटरचे, तीन-चार, भिंत पातळ, पॉलिप नाही. जडपणाही खड्याच्या कळेसारखा नव्हता. खड्याची कळ खांद्यापर्यंत जाते, तासन्‌तास राहते, माणूस कळवळतो. शिवाय सिऱ्होसिस असलेल्यांत खडे तसेही जास्त सापडतात, आणि त्यांचं पित्ताशय काढणं इतरांपेक्षा धोक्याचं. पोर्टल दाबामुळे त्या भागात फुगलेल्या शिरांचं जाळं असतं, रक्त थांबत नाही. त्या दिवशी ऑपरेशन झालं असतं तर गाठीपेक्षा ऑपरेशननंच आधी घात केला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ज्या सर्जननं ९८,००० हा आकडा पाहून थांबायचं ठरवलं, त्यांना या प्रकरणातलं अर्धं श्रेय आहे.

पित्तनलिकांच्या कॅन्सरबद्दल थोडक्यात. आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसबरोबर येणारा पित्तनलिकांचा व्रणकारी आजार, जन्मतः फुगलेली पित्तनलिका, यकृताच्या आतल्या नळ्यांमधले खडे, ही त्याची जुनी कारणं. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून येणारा यकृतकृमी हे मोठं कारण आहे, आपल्याकडे तो प्रश्न नाही. सिऱ्होसिस, हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह यांचाही त्यात वाटा आहे.

उपचार

बेळगावात दोन मतं घेतली, सीटीची सीडी मुंबईला पाठवून तिसरं घेतलं. प्रत्यारोपण हा यावरचा सगळ्यात पक्का उपाय, कारण गाठ आणि सिऱ्होसिस दोन्ही एकदम जातात. प्रत्यारोपणासाठी गाठी किती आणि केवढ्या चालतील हे ठरवणाऱ्या मिलान निकषांत मामांची गाठ बसत होती. पण घरात देता कोण, खर्च किती, आयुष्यभर औषधं आणि बेंगळूर किंवा मुंबईच्या फेऱ्या. मामांनी आत्ता नको म्हटलं. यकृताचा तो भाग कापून काढायचा तर पोर्टल दाब आणि प्लेटलेट आडव्या येत होत्या. म्हणून मायक्रोवेव्हनं गाठ जाळायचं ठरलं. सोनोग्राफीत बघत सुई गाठीत घालतात आणि तिथली पेशी न्‌ पेशी उष्णतेनं मारतात. ३ सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला हा उपाय चांगला लागू पडतो. दोन दिवसांत मामा घरी गेले. महिन्यानं केलेल्या स्कॅनमध्ये गाठीच्या जागी मेलेलं ऊतक, जिवंत भाग नाही.

त्याआधीच विषाणूवरचं औषध सुरू केलं होतं. लघवीत थोडी प्रथिनं जात होती, मधुमेहानं मूत्रपिंडाला हात लावला होता, म्हणून एन्टेकॅव्हिर निवडलं. ही गोळी आता कायमची. विषाणू दबला की नवीन गाठीचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. २८ जुलै २०१८ रोजी देशात सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी दोन्हींचे उपचार मोफत आहेत. हिपॅटायटिस सी तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांत पूर्ण बरा होतो. गाठीच्या उपचाराला आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचा उपयोग झाला. बीपीएल रेशनकार्ड होतं, सरकारी रुग्णालयाची शिफारसपत्राची पायरी पार पाडावी लागली, त्यात मुलाचे काही दिवस गेले.

मधुमेहाच्या औषधांत मेटफॉर्मिन ठेवलं, ग्लिमेपिराइड कमी केलं. यकृत थकलं की साखर एकाएकी खाली जाऊ शकते. सिऱ्होसिसमध्ये तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा खोटा कमी दिसू शकतो, म्हणून घरी ग्लुकोमीटरनं तपासायला सांगितलं. उसाचा रस आणि ग्लुकोज बंद. कुंदा सणासुदीला, तोही चमचाभर. मामा रोज पहाटे जांबोटीच्या रस्त्यानं चालायला लागले आहेत, कमर ९८ वर आली आहे.

गाठ जाळलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पाच वर्षांत यकृतात दुसरीकडे नवी गाठ येते. हे मी मामांपासून लपवलं नाही. त्यासाठीच दर तीन महिन्यांनी स्कॅन आहे.

घरातले बाकीचे

मामांची आई पोटात पाणी होऊन गेलेली, मामांना विषाणू. म्हणजे तो जन्माच्या वेळीच आला असणार. मोठेपणी हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातले पंचाण्णव जण त्याला हुसकावून लावतात. जन्मताच झाला तर दहातल्या नऊ जणांत तो कायमचा राहतो. म्हणून भावंडं तपासणं हा उपचाराचाच भाग होता. मामींची तपासणी निगेटिव्ह, मुलाची निगेटिव्ह. दोघांना ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी लस सुरू केली.

ठणठणीत म्हटलेले थोरले भाऊ पॉझिटिव्ह निघाले. वय ६३, मधुमेह नाही, यकृत मऊ, विषाणू थोडा. त्यांना आत्ता गोळी लागत नाही. पण आशियाई पुरुषांत हिपॅटायटिस बी असेल तर चाळिशीनंतर, आणि बायकांत पन्नाशीनंतर, सिऱ्होसिस नसला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करायचं असतं. घरात कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर त्याहूनही आधीपासून. सहा महिने का, तर ही गाठ दुप्पट व्हायला साधारण तेवढाच काळ घेते. नुसता मधुमेह किंवा नुसतं फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाला ही सहामाही सोनोग्राफी लागत नाही. त्यांनी वर्ष-दोन वर्षांतून एकदा फिब-४ काढावा आणि आयुष्यात एकदा तरी हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्यावं. सिऱ्होसिस निघाला तर मग कारण कोणतंही असो, सहामाही चुकवायची नाही.

थोरल्या भावांना हे पटवणं मामांच्या उपचारापेक्षा अवघड गेलं. काही होत नाही तर दवाखान्यात कशाला, हा त्यांचा मुद्दा. शेवटी मामांनीच आपली गाठ त्यांना सीटीच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवली आणि विचारलं, ‘‘मला तरी काय होत होतं?’’

भावांची मुलगी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना. तीही पॉझिटिव्ह. तिचाही विषाणू तिच्या आईमार्फतच आला असेल असं मला वाटलं, पण वहिनी निगेटिव्ह आल्या. लहानपणी घरातूनच, वडिलांकडून, लागला असावा. मुलीच्या गरोदरपणातल्या तपासणीत एचबीएसएजी पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं आणि त्यापुढे काहीच नव्हतं. विषाणूचं प्रमाण मोजलं तर २ लाख युनिटच्या कितीतरी वर. तेवढं असेल तर बाळाला लस देऊनही लागण होऊ शकते, म्हणून शेवटच्या तिमाहीत तिला टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध सुरू केलं. सीमेपलीकडच्या रुग्णालयासाठी मी तिची चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिली: बाळंतपण दवाखान्यातच, बाळाला जन्मानंतर होता होईल तो १२ तासांच्या आत, फार तर २४ तासांत, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही, दोन वेगळ्या मांड्यांत. इम्युनोग्लोब्युलिन ऐनवेळी मिळत नाही, म्हणून जावयानं ते आधीच आणून तिथल्या फ्रीजमध्ये ठेवलं. बाळाला दोन्ही वेळेत मिळालं. ती अंगावर पाजते आहे, त्याला हरकत नाही.

बाळाच्या पुढच्या लसी वेळापत्रकाप्रमाणे चालू आहेत. नऊ महिने पूर्ण झाल्यावर त्याचं एचबीएसएजी आणि प्रतिपिंडं तपासायची. मामांचा पुढचा स्कॅन आणि भावांची सोनोग्राफी एकाच आठवड्यात धरली आहे, म्हणजे दोघं एकाच बसनं येतील. पित्ताशयातले खडे जागच्या जागी आहेत.